न संपणाऱ्या पावलांची बेरीज

अलिबागच्या समुद्रकिनाऱ्यावर उभे राहिले, की समोर पाण्यात कुलाबा किल्ला दिसतो. १६८० साली, शिवछत्रपतींच्या अखेरच्या दिवसांत, हा किल्ला बांधावयास घेतला गेला आणि पुढे तो आंग्र्यांच्या आरमाराचे एक प्रमुख ठाणे झाला. भरतीच्या वेळी किल्ल्यात जावयाचे, तर होडी हवी. परंतु ओहोटी लागली, की मधले पाणी ओसरते, काळसर खडक व ओली वाळू उघडी पडते, आणि माणसे पायीच किल्ल्यात जाऊन येतात. मात्र या वाटेवर पाण्याकडे लक्ष ठेवूनच चालावे लागते. परतावयास उशीर झाला, तर वाट बुडते आणि पाणी पुन्हा ओसरेपर्यंत किल्ल्यातच बसून राहण्याची पाळी येते.

समजा, एक मुलगा ओहोटीच्या वेळी या वाटेने निघाला आहे. त्याची चाल एकसारखी आहे आणि त्या चालीने किल्ल्याच्या दरवाजापर्यंत जावयास त्याला वीस मिनिटे लागतात. इतक्यात कोणी एक पंडित त्याला गाठून म्हणतो, “बाळ, तू किल्ल्यात कधीच पोहोचणार नाहीस! कारण पाहा, आधी तुला अर्धी वाट चालली पाहिजे. मग उरलेल्या वाटेची अर्धी. मग त्यातूनही जी उरेल तिची अर्धी. दर वेळी थोडी तरी वाट उरणारच. न संपणारे टप्पे संपवून कोणी कधी पोहोचला आहे काय?”

डोक्यावर पाटी घेऊन शेजारून जाणारी कोळीण हे ऐकून हसेल आणि पंडिताच्या आधी किल्ल्यात पोहोचेल. परंतु हसणे म्हणजे उत्तर नव्हे. हाच प्रश्न इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात झीनो नावाच्या ग्रीक तत्त्वज्ञाने निराळ्या शब्दांत विचारला होता, आणि त्याने पुढे कित्येक शतके मोठमोठ्या विचारवंतांना कोड्यात टाकले. मुलगा पोहोचतो, हे तर सर्वांना दिसते. पंडिताच्या बोलण्यात चूक नेमकी कोठे आहे, ते सांगता आले पाहिजे.

त्यासाठी मिनिटांचा हिशेब मांडू. पहिल्या अर्ध्या वाटेला १० मिनिटे लागली. उरलेल्या वाटेच्या अर्ध्या भागाला ५. त्यापुढच्या टप्प्याला अडीच, मग सव्वा, आणि असेच पुढे. यांची बेरीज करीत गेलो, तर १०, १५, साडेसतरा, पावणेएकोणीस असे आकडे मिळतात. दर वेळी २० ला जेवढे कमी पडते, ते बरोबर शेवटच्या टप्प्याएवढे असते. १५ ला ५ कमी, साडेसतराला अडीच कमी. टप्पे निम्मे निम्मे होत जातात, तशी ही उणीवही निम्मी निम्मी होत जाते. बेरीज २० च्या पुढे कधी जात नाही. आणि २० च्या अलीकडे तुम्ही कोणतीही खूण करा, पुरेसे टप्पे घेतले की बेरीज ती खूण ओलांडते. म्हणून या साऱ्या टप्प्यांची मिळून बेरीज २० असे गणिती म्हणतात. पंडिताने टप्पे मोजले ते बरोबर मोजले. टप्पे अनंत आहेत, म्हणून वेळही अनंत लागेल असे त्याने गृहीत धरले, तेथे तो फसला.

ज्या संख्यामालेत प्रत्येक संख्या मागच्या संख्येला एका ठरावीक संख्येने गुणून मिळते, तिला गुणोत्तर श्रेढी किंवा भूमिती श्रेढी म्हणतात, आणि त्या ठरावीक संख्येला गुणोत्तर. आपल्याकडे या श्रेढीचा अभ्यास फार जुना आहे. भास्कराचार्यांनी ११५० साली रचलेल्या ‘लीलावती’त एका दात्याचे उदाहरण आहे. त्याने पहिल्या दिवशी दोन कवड्या दिल्या आणि पुढे रोज दुप्पट देण्याचे वचन दिले. तर महिन्यात त्याने किती दिले? तीस दिवसांची ही बेरीज २,१४,७४,८३,६४६ कवड्या एवढी होते! दात्याने वचन देण्यापूर्वी कागदावर चार आकडे मांडले असते, तर बरे झाले असते. गुणोत्तर एकाहून मोठे असले म्हणजे श्रेढी अशी भराभर फुगते. ते एकाहून लहान असले, म्हणजे ती कुलाब्याच्या वाटेसारखी आक्रसत जाते, आणि मग तिच्यातील संख्या कितीही असोत, बेरीज मर्यादेत राहते.

आक्रसणाऱ्या श्रेढीचा हा प्रश्न भारतात केरळच्या नीलकंठ सोमयाजींनी स्पष्टपणे विचारला. १४४४ साली जन्मलेले हे ज्योतिर्विद अलिबागच्याच पश्चिम समुद्राच्या काठी, परंतु पुष्कळ दक्षिणेस राहत. आर्यभटाच्या ग्रंथावरील आपल्या भाष्यात त्यांनी एक चतुर्थांश, त्याचा चतुर्थांश, पुन्हा त्याचा चतुर्थांश अशी श्रेढी घेतली आणि तिची बेरीज एक तृतीयांश होते असे दाखविले. ही बेरीज तेवढ्यापर्यंतच का वाढते, आणि तेवढ्यापर्यंत तरी कशी पोहोचते, असे दोन्ही बाजूंनी त्यांनी तिला तपासले आहे. केवळ उत्तर देऊन जो थांबत नाही, तोच खरा शिक्षक!

त्यांचे उत्तर पडताळून पाहावयाचे असेल, तर एक तांदळाची भाकरी पुरे. घरात तीन भावंडे आहेत. आईने भाकरीचे चार सारखे चतकोर केले आणि तिघांना एकेक दिला. एक उरला. त्याचेही तिने चार सारखे भाग करून तिघांना एकेक दिला. पुन्हा एक उरला, पुन्हा त्याचे चार. असे करीत गेल्यास प्रत्येकाला एक चतुर्थांश, अधिक एक षोडशांश, अधिक एक चौसष्टांश, अशी भाकरी मिळत जाते. उरलेला तुकडा दर वेळी चौथा हिस्सा होत होत हातात न येण्याइतका लहान होतो, म्हणजे भाकरी सगळी वाटली जाते. तिघांना सारखेच मिळाले आणि काही उरले नाही. तेव्हा प्रत्येकाच्या वाट्याला एक तृतीयांश भाकरी आली, हे उघड आहे.

आता हीच श्रेढी आपल्याला एका चेंडूत सापडते. वरून सोडलेली वस्तू पहिल्या सेकंदात सुमारे ४.९ मीटर, म्हणजे ४९० सेंटिमीटर खाली पडते. एखाद्या घराच्या माडीवरून, बरोबर ४९० सेंटिमीटर उंचीवरून, खालच्या जांभ्या दगडाच्या फरसबंदीवर एक चेंडू सोडला. तो चांगला फुगलेला नाही, म्हणून दर उसळीत आधीच्या उंचीच्या चौथ्या भागाइतकाच वर जातो. तर थांबेपर्यंत तो एकंदर किती अंतर कापील?

पहिले पडणे ४९० सेंटिमीटरचे. त्यानंतरची प्रत्येक उसळी वर एकदा व खाली एकदा, म्हणून तिचे अंतर दुप्पट धरावयाचे. म्हणजे ९८० चा एक चतुर्थांश, अधिक त्याचा षोडशांश, अधिक चौसष्टांश... नीलकंठांची श्रेढीच पुन्हा आली! तिची बेरीज एक तृतीयांश हे आपण भाकरीवरून पाहिले आहे. ९८० चा तिसरा भाग सुमारे ३२७. त्यात पहिले ४९० मिळविले, की ८१७ सेंटिमीटर झाले. उसळ्यांची संख्या अनंत धरली, तरी चेंडूची सारी धाव सव्वाआठ मीटरांहूनही थोडी कमी भरते.

आणि वेळ? येथे एक लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट आहे. उंची चौथा हिस्सा झाली, तर पडावयास लागणारा वेळ चौथा हिस्सा होत नाही, निम्मा होतो. कारण पडणारी वस्तू दुप्पट वेळात चौपट अंतर जाते. पहिल्या पडण्याला एक सेकंद लागला. पहिल्या उसळीत वर जावयास अर्धा व खाली यावयास अर्धा, मिळून एक सेकंद. दुसऱ्या उसळीला अर्धा, तिसरीला पाव, पुढे पावाचा निम्मा. एक, अधिक अर्धा, अधिक पाव ही तर कुलाब्याच्या वाटेचीच श्रेढी. तिची बेरीज दोन. पहिला सेकंद धरून तीन सेकंद. म्हणजे हिशेबाने अनंत उसळ्या घेऊन चेंडू बरोबर तिसऱ्या सेकंदाला स्वस्थ होतो. पिंगपाँगचा चेंडू टेबलावर सोडून पाहा. अखेरीस त्याचा टक-टक आवाज घाईघाईने एकात एक मिसळून जातो आणि एकाएकी बंद होतो. त्याचे गुणोत्तर निराळे असले, तरी टप्पे आक्रसत आक्रसत वेळ कसा संपतो, ते कानांना ऐकू येते. खऱ्या चेंडूच्या उसळ्या अनंत नसतात, हे येथे सांगितले पाहिजे. त्याची उसळी फार लहान झाली, की चेंडू फरशीवर किंचित दबून राहतो आणि पुन्हा उठतच नाही. परंतु तोपर्यंत उरलेली उणीव इतकी अल्प असते, की उत्तरात फरक पडत नाही.

वाट संपली, चेंडू थांबला. परंतु हिशेबाने जी कधीच थांबत नाही, अशीही एक वस्तू अलिबागेस आहे.

मुंबईच्या कुलाब्यात १८२६ साली ईस्ट इंडिया कंपनीने एक वेधशाळा स्थापन केली. मुंबईचे कुलाबे निराळे आणि अलिबागसमोरचा कुलाबा किल्ला निराळा. नावे एकच असल्याने पुष्कळांचा घोटाळा होतो. या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची निरीक्षणे घेतली जाऊ लागली. २ सप्टेंबर १८५९ रोजी पृथ्वीवर मोठे चुंबकीय वादळ झाले, तेव्हा येथील निरीक्षकांनी डोळ्यांनी वाचून आकडे टिपले. त्या आकड्यांचा अभ्यास जगातील शास्त्रज्ञ अजूनही करतात. पुढे मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या सुरू करण्याचे ठरू लागले. विजेचा प्रवाह वाहू लागला, की त्याच्याभोवती चुंबकत्व उत्पन्न होते; तेव्हा रुळांजवळच्या वेधशाळेत पृथ्वीचे चुंबकत्व मोजले जाते की ट्रामचे, हे कळेनासे झाले असते. साठ-बासष्ट वर्षांची नोंदवही तेथेच बंद करावयाची की काय, असा प्रश्न उभा राहिला. त्या वेळी वेधशाळेचे संचालक डॉ. नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस हे होते. त्या पदावर बसलेले ते पहिले भारतीय. त्यांच्या देखरेखीखाली मुंबईपासून सुमारे तीस किलोमीटरवर, अलिबागेस नवी चुंबकीय वेधशाळा उभी राहिली. तिच्या बांधकामासाठी पोरबंदरचा दगड आणला गेला, कारण त्यात चुंबकीय गुण नसतो. १९०४ साली अलिबागेस काम सुरू झाले, आणि १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी निरीक्षणे घेतली गेली, म्हणजे जुने आकडे व नवे आकडे एकमेकांशी जुळवून पाहता आले. विजेची ट्राम मुंबईत १९०७ मध्ये धावली, तोपर्यंत चुंबक खाडीपलीकडे सुखरूप पोहोचले होते.

अशा वेधशाळांत पूर्वी निरीक्षण कसे घेत? एक चुंबक बारीक धाग्याने आडवा टांगलेला असे. त्याला एक लहानसा आरसा जोडलेला असे आणि त्या आरशात दिसणारी दूरची मोजपट्टी दुर्बिणीतून वाचीत. चुंबक किंचितही वळला, तर दुर्बिणीतील आकडा बदले. चुंबक जेथे स्थिर राहील, तो आकडा लिहून घ्यावयाचा, एवढेच काम. परंतु चुंबक स्थिर राहत नाही, हीच तर अडचण! जरा धक्का लागला, की तो झोपाळ्याप्रमाणे इकडून तिकडे डोलू लागतो. हवेच्या विरोधामुळे त्याचे डोलणे हळूहळू कमी होते, पण त्याला वेळ लागतो. आणि तेवढ्या वेळात पृथ्वीचे चुंबकत्वच थोडे बदललेले असते, कारण ते दिवसभर सारखे कमीजास्त होत असते. वादळाच्या वेळी तर ते झपाट्याने बदलते. तेव्हा चुंबक शांत होण्याची वाट पाहत बसणारा निरीक्षक, ज्या क्षणाचा आकडा हवा तो क्षणच हातचा घालवून बसे.

चुंबकाच्या डोलण्याचा वेळ चेंडूसारखा आक्रसत नाही. लहान झोके आणि त्याहून लहान झोके यांना जवळजवळ सारखाच वेळ लागतो. एका झोक्याला पाच सेकंद लागत असतील, तर पुढच्यालाही पाच, त्यापुढच्यालाही पाच. पाच अधिक पाच अधिक पाच ही बेरीज कोठेच थांबत नाही. म्हणून हिशेबाप्रमाणे चुंबक कधीच थांबत नाही.

परंतु झोक्यांची लांबी मात्र आक्रसते. जर्मनीतील ग्योटिंगेन येथे गाउस व वेबर या शास्त्रज्ञांनी १८३० नंतरच्या काही वर्षांत अशा चुंबकांचा अभ्यास केला. प्रत्येक झोका आधीच्या झोक्याचा ठरावीक हिस्सा असतो, हे ध्यानात घेऊन गाउसने त्याचा हिशेबात उपयोग केला. म्हणजे झोक्यांची ही गुणोत्तर श्रेढीच होय. आता थोडे गणित करून पाहू. समजण्यास सोपे जावे म्हणून आकडे मुद्दाम सरळ घेतले आहेत; खऱ्या चुंबकाचे झोके इतक्या लवकर निम्मे होत नाहीत.

निरीक्षकाने दुर्बिणीत डोळा लावला. चुंबक उजवीकडे जाऊन वळला, तेथे आकडा होता ८२. मग तो डावीकडे गेला आणि ३४ वर वळला. पुन्हा उजवीकडे येऊन ५८ वर वळला. हे तीन आकडे त्याने टिपले. चुंबक अखेर कोठे थांबेल?

घाईने कोणी म्हणेल, ८२ आणि ३४ यांच्या बरोबर मध्ये, म्हणजे ५८ वर. परंतु ते चूक आहे. उजवीकडचे वळण मोठ्या झोक्याचे आहे आणि डावीकडचे त्याहून लहान झोक्याचे. तेव्हा थांबण्याची जागा मध्यावर नसून डावीकडच्या वळणाला अधिक जवळ असली पाहिजे. किती जवळ, ते गुणोत्तरावरून कळते. पहिला झोका ८२ पासून ३४ पर्यंत, म्हणजे ४८ घरांचा. दुसरा ३४ पासून ५८ पर्यंत, म्हणजे २४ घरांचा. गुणोत्तर निम्मे. तर मग थांबण्याच्या जागेपासून चुंबक उजवीकडे जेवढा दूर गेला होता, त्याच्या निम्माच तो डावीकडे गेला. उजवीकडचे दोन वाटे, डावीकडचा एक वाटा, मिळून तीन वाट्यांची ४८ घरे. एक वाटा १६ घरांचा. ८२ मधून दोन वाटे, म्हणजे ३२ वजा केले, की ५० उरतात. ३४ मध्ये एक वाटा मिळविला, तरीही ५०. चुंबक ५० वर थांबेल!

ताळा पाहावयाचा असेल, तर पुढची वळणे मोजावी. ५८ नंतर ४६, मग ५२, मग ४९, मग साडेपन्नास. दर वेळी तो ५० ओलांडून पलीकडे जातो आणि दर वेळी त्याच्या अधिक जवळ वळतो. झोक्यांची एकंदर लांबी ४८, २४, १२, ६ अशी आहे. ती सारी मिळवली, तर ९६ घरे होतात. ९६ घरांची वाट, आणि ती चालावयास न संपणारा काळ! कागदावर हे खरे आहे. प्रत्यक्षात दहाव्या झोक्याची लांबी एका घराच्या दहाव्या भागाइतकीही उरत नाही. त्यापुढे हवेची एखादी झुळूक किंवा जमिनीचा बारीकसा कंपही त्या झोक्याहून मोठा असतो, आणि श्रेढीचा हिशेब तेथे लागू पडत नाही.

गुणोत्तर निम्मे नसून दोन तृतीयांश असेल, तर काय होईल, ते करून पाहण्यासारखे आहे. वळणे ९० वर, ३० वर आणि ७० वर झाली. झोके ६० व ४० घरांचे. उजवीकडचे तीन वाटे, डावीकडचे दोन वाटे, मिळून पाच वाट्यांची ६० घरे. थांबण्याची जागा काढून, चौथे वळण कोठे होईल तेही सांगावे.

वेधशाळेतील यंत्रे पुढे सुधारली. चुंबकाजवळ तांब्याची तबकडी किंवा पेटी ठेवली, म्हणजे तांब्यात उत्पन्न होणाऱ्या प्रवाहामुळे झोके लवकर मरतात, ही युक्ती उपयोगात आली. त्यानंतर चुंबकाच्या आरशावरील प्रकाशाचा ठिपका छायाचित्राच्या कागदावर आपोआप उमटू लागला, आणि आता विजेवर चालणारी सूक्ष्म उपकरणे अंक टिपून ठेवतात. १९७१ पासून अलिबागची वेधशाळा भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे. या संस्थेचे मुख्य कार्यालय रायगड जिल्ह्यातच, नवीन पनवेल येथे आहे. १८४१ मध्ये मुंबईस सुरू झालेली नोंद अलिबागेस अजून चालू आहे. तिच्या जुन्या पानांवरील आकडे ज्यांनी डोळ्यांनी वाचून लिहिले, त्यांच्यापुढे चुंबक डोलत असे, आणि तो पुरता शांत होण्याआधीच आकडा वहीत लिहून झालेला असे.